उन्हाळी, जंतू आणि निकामी होणारी औषधे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चारचौघांत ज्यांचा उच्चार करणे सभ्यपणाचे मानले जात नाही, असे काही आजार आहेत. लघवीची जळजळ हा त्यांपैकी एक. घरातल्या बाईला उन्हाळी लागते, ती दोन दिवस धन्याजिऱ्याचे पाणी पिते, वाळ्याचे पाणी पिते, ओटीपोटातील कळ सोसत स्वयंपाक करते, कामावर जाते आणि दुखणे अगदीच असह्य झाले तर औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणवते. उष्णतेने झाले असे सांगितले जाते. हा त्रास उष्णतेचा नसून बहुतेक वेळा जंतूंचा असतो, हे वैद्यकशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. तरीही या आजाराला अभ्यासाच्या विषयाची प्रतिष्ठा लाभलेली नाही, कारण तो मुख्यतः बायकांचा, आणि म्हणून खाजगी, असे आपण गृहीत धरले आहे.

वस्तुतः २०१९ या एका वर्षात जगभर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे सुमारे ४० कोटी प्रसंग घडले आणि त्यांत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली, असा आरोग्य-सांख्यिकीच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. दर दोन स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात एकदा तरी हा आजार होतो. ज्या औषधांच्या भरवशावर तो किरकोळ समजला जात होता, ती औषधे आता एकामागून एक निकामी होत आहेत. शौचालय, पिण्याचे पाणी, कामाचे तास, औषधांचा व्यापार आणि संशोधनाचे अर्थकारण असे पाच वरवर वेगळे प्रश्न या एका दुखण्यात एकत्र येतात. म्हणून त्याचा विचार आरंभापासून, म्हणजे जंतूपासूनच करणे इष्ट होईल.

घरचा जंतू परक्या जागी

म्यूनिकमधील बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत आढळणाऱ्या एका दंडाकृती जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्याच नावावरून त्या जिवाणूला एशेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, हे नाव मिळाले. हा जिवाणू प्रत्येक माणसाच्या मोठ्या आतड्यात जन्मानंतर लवकरच वस्तीला येतो आणि आयुष्यभर राहतो. तेथे तो सहसा उपद्रव देत नाही. उलट के जीवनसत्त्व निर्माण करून थोडा हातभारच लावतो. मूत्रमार्गाचे साधे संसर्ग ज्या जंतूंमुळे होतात त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश वाटा या एकट्याचा आहे. उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टेरोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकसची एक जात ही मंडळी येतात. तात्पर्य, हा शत्रू बाहेरून चाल करून येत नाही. घरातलाच रहिवासी आपली जागा सोडून परक्या जागी जातो, आणि तेथे गेल्यावर त्याचे वर्तन बदलते.

ही परकी जागा गाठणे त्याला स्त्रीच्या शरीरात सोपे पडते. स्त्रीची मूत्रनलिका सुमारे चार सेंटीमीटर लांबीची आणि गुदद्वाराच्या निकट असते. पुरुषाची सुमारे वीस सेंटीमीटर असते. आजाराचे स्त्रियांमधील प्रमाण अधिक असण्याचे मूळ या साध्या शरीररचनेत आहे. तिच्या स्वच्छतेच्या सवयींवर किंवा चारित्र्यावर बोट ठेवण्याचे त्यात काही कारण नाही. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गातील रक्षक जिवाणू घटतात, मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती उणावते, वृद्ध पुरुषांत वाढलेल्या पौरुषग्रंथीमुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, आणि रुग्णालयात लघवीची नळी घातलेल्या माणसात तर जंतूंना आयती वाट मिळते. अशा सर्वांना धोका वाढतो.

आता प्रश्न असा, की लघवीच्या प्रवाहाबरोबर हा जंतू वाहून का जात नाही? प्रवाह हे शरीराचे पहिले संरक्षण आहे, आणि आतड्यातील सर्वसाधारण ई. कोलाय बहुधा वाहूनच जातात. परंतु त्यांच्यातील काही वाणांच्या अंगावर केसासारखे बारीक तंतू असतात. या तंतूंच्या टोकाशी असलेले प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज नावाच्या शर्करेला नेमके चिकटते. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे लघवीच्या प्रवाहाचा ताण पडला की ही पकड सैल होत नाही, ती अधिक घट्ट होते. जे संरक्षण म्हणून योजलेले, त्याचाच जंतूला आधार होतो.

चिकटल्यानंतर काही जंतू अस्तराच्या पेशींच्या आत शिरतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात स्कॉट हल्टग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून २००३ साली असे दाखवून दिले, की पेशीच्या आत शिरलेले हे जंतू झपाट्याने वाढून दाट पुंजके तयार करतात. पुढे आजारी स्त्रियांच्या लघवीतही अशा पुंजक्यांच्या खुणा सापडल्या. पेशीच्या आत त्यांच्यापर्यंत पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि पुष्कळशी औषधेही पुरेशा प्रमाणात पोचत नाहीत. शरीर या पेशी झडून टाकते, पण तोवर काही जंतू बाहेर पडून शेजारच्या पेशीत जातात, आणि थोडे खोलवरच्या थरात निपचित पडून राहतात. पहिल्या संसर्गानंतर सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांना सहा महिन्यांच्या आत पुन्हा त्रास होतो. त्यातील काही वेळा जंतू आतड्यातून नव्याने आलेला असतो, तर काही वेळा हे निपचित पडलेले जंतूच पुन्हा जागे होत असावेत, असे मानण्यास या प्रयोगांनी आधार दिला आहे. 'मागच्या वेळच्या गोळ्या नीट घेतल्या नसतील' असे म्हणून प्रत्येक वेळी रुग्णालाच दोषी धरण्याची आपली रीत म्हणून अन्यायाची ठरते.

लोहाचा झगडा तर याहून उद्बोधक आहे. वाढीसाठी जंतूला लोह लागते आणि शरीर आपले लोह जपून, झाकून ठेवते. जंतू मग लोह पकडून आणणारे सूक्ष्म रेणू बाहेर सोडतो. शरीर त्या रेणूंनाच अडवणारे एक प्रथिन तयार करते. त्यावर जंतू आपल्या रेणूला शर्करेचा मुलामा देऊन त्या पहारेकऱ्याला चकवतो. याशिवाय पेशी फोडणारे विष तो सोडतो ते निराळेच. मूत्राशयातून वर सरकून तो मूत्रपिंडात पोचला म्हणजे हुडहुडी भरून ताप येतो, कुशीत दुखते, उलट्या होतात, आणि तेथून जंतू रक्तात उतरले तर जीव धोक्यात येतो. गरोदरपणात तर लघवीत जंतू असूनही कोणताच त्रास जाणवत नाही अशी अवस्था दुर्लक्षिली गेल्यास मूत्रपिंडाचा दाह होण्याची आणि अपुऱ्या दिवसांत बाळंतपण होण्याची भीती असते. म्हणून गरोदर स्त्रीची लघवी तपासणे हे सार्वजनिक आरोग्यसेवेचे कर्तव्य ठरते.

अडवलेली लघवी

जंतूचे हे सारे कौशल्य लक्षात घेतले तरी, शरीराचे पहिले संरक्षण म्हणजे वेळेवर आणि भरपूर होणारी लघवी, हे विसरता येत नाही. भरपूर पाणी पिणे आणि लघवी न तुंबवणे हा सल्ला प्रत्येक डॉक्टर देतो. हा सल्ला पाळण्याची मुभा कोणाला आहे, हा प्रश्न मात्र डॉक्टरच्या खोलीबाहेरचा आहे.

भाजी विकणारी बाई पहाटे घर सोडते आणि रात्री परतते; बाजारात तिच्यासाठी मुतारी नसते, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. उसाच्या फडावर तोडणीला गेलेल्या टोळीतील बायका कोपीत राहतात. तळावर शौचालय नसते आणि पाणी दूरवरून आणावे लागते. बीड जिल्ह्यातील या कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली शासकीय समितीपुढे आला, तेव्हा त्यांच्या जगण्याची ही बाजूही चव्हाट्यावर आली. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी मुतारीच्या हक्कासाठी चळवळ उभारली. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांकडून मात्र पैसे, या व्यवहारातील उघड विषमता तिने नगरपालिकेच्या दारात नेऊन मांडली. केरळातील कोळिकोड येथे कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायकांना लघवीलाही जाता येत नसे. पी. विजी यांच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. मागणी शौचालयापासून सुरू झाली, पुढे बसण्याच्या हक्कापर्यंत गेली, आणि २०१८ साली केरळने आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. मूत्रमार्गाच्या विकारांच्या तक्रारी त्या लढ्याच्या मुळाशी होत्या. एका जंतूच्या तंतूंवरील संशोधन सेंट लुईसमध्ये होते आणि त्याच जंतूविरुद्धचा लढा कोळिकोडच्या बाजारपेठेत होतो. दोन्ही तितकेच आरोग्यशास्त्राचे आहेत.

प्रतिकाराचा इतिहास

आता औषधांकडे वळू. पेनिसिलीनचा शोध १९२८ सालचा. रुग्णांवरील त्याच्या उपयोगाला नीट आरंभही झाला नव्हता, त्या १९४० साली ऑक्सफर्डमधील एडवर्ड एब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलीनचा नाश करणारे एक विकर शोधून काढले. ते त्यांना सापडले ते याच आतड्यातील जंतूत. म्हणजे औषध बाजारात येण्यापूर्वीच त्याचा प्रतिकार निसर्गात उपस्थित होता. यात गूढ काही नाही. प्रतिजैविके मुळात बुरशी व मातीतील जिवाणू तयार करतात, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या जिवाणूंनी युगानुयुगे त्यांचे उतारे घडवून ठेवले आहेत. माणसाने औषध वापरून फक्त निवड केली. जे मरणारे होते ते मेले, आणि ज्यांच्यापाशी उतारा होता त्यांना मोकळे रान मिळाले. अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या प्राण्याला रान मिळाले म्हणजे काय होते, हे निराळे सांगायला नको.

जंतूचे उतारे मुख्यतः चार प्रकारचे असतात. औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करणे, हा पहिला. पेशीत शिरलेले औषध पंपाने उपसून बाहेर टाकणे, हा दुसरा. औषध ज्या जागी आघात करते ती जागाच किंचित बदलणे, हा तिसरा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे याच मार्गाने निष्प्रभ झाली. औषध आत येण्याची दारे अरुंद करणे, हा चौथा. याच्या जोडीला लघवीच्या नळीवर बुळबुळीत थर तयार करून त्यात एकवटून राहण्याची युक्ती आहेच. प्रोटियस जातीचा जंतू तर लघवीतील युरियाचे विघटन करून ती अल्कधर्मी करतो, त्यामुळे क्षार साचून नळी बुजते आणि मुतखडेही होतात.

तथापि खरे संकट उताऱ्यांपेक्षा त्यांच्या देवाणघेवाणीचे आहे. दोन जिवाणू एकमेकांशी जोडले जाऊन आनुवंशिक द्रव्य देऊ शकतात, हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ साली याच ई. कोलायमध्ये दाखवले. पुढे १९५९ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांना आढळले, की हगवणीच्या जंतूंतील अनेक औषधांचा प्रतिकार एकगठ्ठा, एकाच संपर्कात, ई. कोलायकडून घेता-देता येतो. हा प्रतिकार जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून स्वतंत्र अशा डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर असतो. या वर्तुळांना प्लास्मिड म्हणतात. ही वर्तुळे जातीच्या सीमा मानत नाहीत. आज क्लेब्सिएलापाशी असलेला उतारा उद्या ई. कोलायच्या हाती जातो. आणि एका औषधाचा वापर वाढला की त्याच वर्तुळावर बसलेले इतर औषधांचे उतारेही फुकट पोसले जातात.

१९६५ साली अथेन्समधील एका रुग्णाच्या ई. कोलायमध्ये अँपिसिलीन तोडणारे असे प्लास्मिडवरचे विकर सापडले आणि काही वर्षांतच ते जगभर पसरले. त्यावर सेफॅलोस्पोरिन गटातील नवी औषधे आली. ती तोडणारी विकरेही आली. त्यांपैकी आज जगात सर्वाधिक पसरलेल्या विकरांत गणना होणारे एक विकर १९९९ साली नवी दिल्लीत मिळालेल्या जंतूंमध्ये प्रथम ओळखले गेले. त्यानंतर कार्बापेनेम हा राखीव गट उरला. जानेवारी २००८ मध्ये स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. हा रुग्ण त्याआधी नवी दिल्लीतील रुग्णालयात राहून गेला होता. त्याच्या जंतूने कार्बापेनेमही पचवले. त्यातील विकराला न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, संक्षेपाने एनडीएम-१, हे नाव २००९ साली देण्यात आले.

२०१० साली भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन येथील नमुन्यांवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात मद्रास विद्यापीठातील संशोधकाचा प्रमुख सहभाग होता. त्यावर आपल्याकडे गदारोळ उठला. राजधानीच्या नावाची बदनामी, परदेशातून येणाऱ्या रुग्णांचा धंदा बुडवण्याचा कट, असे आरोप सरकारी पातळीवरून झाले. नावाबद्दलची नाराजी समजण्याजोगी होती. रोगाला एखाद्या शहराचे नाव चिकटवणे कोणाही देशाला आवडणार नाही. परंतु नावावर जितके बोलले गेले तितके पाण्यावर बोलले गेले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत नवी दिल्लीतील पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत या विकराचे जनुक सापडले. याचा अर्थ प्रतिकार रुग्णालयाच्या भिंतीआड राहिलेला नव्हता. तो गटारात होता, नळात होता. ज्याने आयुष्यात प्रतिजैविकाची एकही गोळी घेतली नाही त्याच्या आतड्यातही तो पाण्यावाटे जाऊ शकतो.

यानंतरची आकडेवारी आपल्याच देशातील आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या रुग्णालयांतील निरीक्षणानुसार, ई. कोलायच्या दर शंभर नमुन्यांपैकी इमिपेनेमला दाद देणारे नमुने २०१७ साली सुमारे ८१ होते. २०२३ साली ते सुमारे ६३ वर आले. ही रुग्णालये गंभीर रुग्णांची आहेत, सबब हाच आकडा गावोगाव लागू करता येणार नाही. पण घसरणीची दिशा स्पष्ट आहे.

गायरानाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रतिजैविकाची परिणामकारकता ही गावाच्या गायरानासारखी सामाईक संपत्ती आहे. प्रत्येक वापराने ती किंचित झिजते. गोळीची किंमत रुग्ण भरतो. झिजेची किंमत मात्र पुढचा अनोळखी रुग्ण भरतो, आणि बाजारभावात ती कोठेच दिसत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गायरान नाहीसे झाले की दोष गरिबाच्या शेळीला देण्याची पद्धत जुनी आहे; गायरानावर कुंपण घालणारा मात्र सन्मानाने वावरतो. प्रतिजैविकांबाबतही 'अडाणी लोक अर्धवट गोळ्या खातात' हे पालुपद ऐकू येते. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो अंशच आहे. मजूर बाई दोनच दिवसांच्या गोळ्या घेते, कारण तिसऱ्या दिवसाच्या गोळ्यांना पैसे नसतात. तालुक्याचा डॉक्टर अंदाजाने जबर औषध देतो, कारण लघवीतील जंतू वाढवून कोणते औषध लागू पडते हे सांगणारी प्रयोगशाळा जवळ नसते, आणि असली तरी तिच्या निकालाला दोन दिवस आणि रुग्णाची रोजी लागते. दुकानदार चिठ्ठीशिवाय औषध देतो, कारण चिठ्ठी लिहिणारा डॉक्टरच त्या गावात नसतो. कोट्यवधी माणसांना योग्य औषध मिळतच नाही आणि त्याच देशात अयोग्य औषधांचा महापूर आहे, अशी ही दुहेरी विपत्ती आहे.

दुसऱ्या टोकाला औद्योगिक वापर आणि विसर्ग आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सुमारे नव्वद औषधनिर्मात्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढे असते त्याहून हे अधिक होते. अशा पाण्यात जिवाणूंची कोणती शाळा भरत असेल, याची कल्पना करता येते. पशुपालनातही तेच. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचे म्हणून राखलेले औषध कोंबड्या आणि डुकरांच्या वाढीसाठी खाद्यात मिसळले जात असे. त्याचा प्लास्मिडवरील उतारा २०१५ साली चीनमधून प्रथम नोंदवला गेला, आणि लवकरच अनेक देशांत सापडला. भारत सरकारने खाद्य-प्राण्यांमधील कोलिस्टिनवर २०१९ साली बंदी घातली. निर्णय योग्य होता, उशिरा झाला.

आता नव्या औषधांच्या अर्थकारणाकडे पाहा. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठी प्लाझोमायसिन हे औषध अमेरिकेतील अ‍ॅकाओजेन या कंपनीने तयार केले. जून २०१८ मध्ये त्याला तेथील शासकीय मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. औषध निकामी होते म्हणून हे घडले नाही. नवे प्रतिजैविक शक्य तितके कमी वापरून राखून ठेवावे, हे समाजाचे हित. आणि जितके अधिक खपेल तितका नफा, हे कंपनीचे गणित. ही दोन गणिते एका वहीत जुळत नाहीत. मधुमेहाची गोळी जन्मभर घ्यावी लागते, प्रतिजैविक आठवडाभर. भांडवल कोणाकडे वळेल हे उघड आहे. त्या दिवाळखोरीत प्लाझोमायसिनचे बहुतेक जगाचे हक्क मुंबईच्या सिप्ला कंपनीकडे आले, हा या कथेचा एक भारतीय धागा आहे.

गावाला आग लागली नाही म्हणून अग्निशामक दलाचा पगार कोणी कापत नाही. ब्रिटनने हाच विचार प्रतिजैविकांना लावला. २०२२ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेने दोन नव्या औषधांसाठी, त्यांचा खप कितीही असो, प्रत्येकी वर्षाला एक कोटी पौंडांपर्यंत ठराविक रक्कम देण्याचे करार केले. त्यातील सेफिडेरोकोल हे औषध जंतूच्या लोहाच्या हावरेपणाचाच लाभ घेते. लोह समजून जंतू ते स्वतःच आत ओढून घेतो. बाजारपेठेच्या मायभूमीतच औषधाची किंमत खपापासून तोडावी लागली, याची नोंद घेतली पाहिजे.

आपल्याकडे या विचाराला पूर्वपीठिका आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषध-कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या कारखान्यात संशोधनही होत असे. हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध तेथलेच. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावरील मक्तेदारी नाकारली आणि देशी औषधे स्वस्त झाली. नव्वदीच्या दशकात पिंपरीचा कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला, २००५ पासून उत्पादन-पेटंट पुन्हा आले, आणि पेनिसिलीनच्या मूळ द्रव्यासाठी देश चीनकडे पाहू लागला. २०२० साली सरकारलाच देशांतर्गत उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आणावी लागली. सार्वजनिक कारखान्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. कारभारातील ढिलाई आणि जुने तंत्रज्ञान हे दोष होतेच. परंतु दोष दुरुस्त करणे आणि संस्थाच मोडीत काढणे यांत अंतर आहे. भारतीय संशोधकांची क्षमताही संपलेली नाही. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टम या द्रव्याच्या संयुक्त औषधाला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गासाठी मान्यता मिळाली. असे औषध आपल्या जिल्हा रुग्णालयातील खाटेपर्यंत, योग्य रुग्णापुरते आणि परवडणाऱ्या दरात कसे पोचेल, हा प्रश्न बाजार सोडवणार नाही.

करावयाचे काम

कार्यकर्त्याने डॉक्टर होण्याची आवश्यकता नाही, पण काही गोष्टी त्याला ठाऊक असल्या पाहिजेत. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला आजही १९५३ पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरँटॉइन आणि १९६९ साली स्पेनमध्ये सापडलेले फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे बहुतेकदा लागू पडतात. पहिले सर्वसाधारणपणे पाच दिवस, दुसरे एकाच मात्रेत. ती मूत्रपिंडाच्या दाहाला मात्र उपयोगी नाहीत, म्हणून थंडी-ताप आणि कुशीतील दुखणे असल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे. कोणताही त्रास नसताना केवळ लघवीत जंतू आढळले म्हणून प्रतिजैविक घेणे, गरोदरपण आणि मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रिया वगळता, अनावश्यक असते. औषध किती दिवस घ्यायचे हे जाणकार डॉक्टरने ठरवायचे. जितके अधिक दिवस तितके चांगले ही समजूत आता शास्त्राने सोडून दिली आहे. महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची लागू आहे. तीनुसार दुकानदाराने चिठ्ठी, डॉक्टर आणि रुग्ण यांची नोंदवही ठेवायची असते. ती ठेवली जाते काय, हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

यापुढे जाऊन मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. प्रत्येक बाजारपेठेत, बसस्थानकात, फडाच्या तळावर स्त्रियांसाठी पाण्यासह विनाशुल्क मुतारी हवी. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात लघवीतील जंतूंची वाढ व औषधपरीक्षा विनामूल्य व्हावी, आणि तिचे आकडे त्या जिल्ह्यातील डॉक्टरांना वेळोवेळी कळावेत. औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर बंधनकारक मर्यादा असावी. केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय कृती-आराखडा केला. केरळने २०१८ साली राज्यांत सर्वप्रथम स्वतःचा आराखडा केला आणि तो औषधदुकानांपर्यंत राबवला. केरळला जे जमले ते इतर राज्यांना अशक्य असण्याचे कारण नाही. तेथे आधी शाळा होत्या, प्राथमिक आरोग्यकेंद्रे होती आणि हक्क मागणारी माणसे होती, हा त्यातील धडा.

२०१९ साली जगात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या मृत्यूंना कारण झालेल्या जंतूंत ई. कोलाय अग्रस्थानी होता. त्यांतील कित्येक मृत्यूंचा आरंभ एखाद्या दुर्लक्षित जळजळीपासून झाला असेल. बाजारातून संध्याकाळी परतणाऱ्या त्या भाजीवालीने दिवसभर पाणी का प्यायले नाही, हा प्रश्न आपल्या पुढच्या बैठकीच्या कामकाजात पहिल्या क्रमांकावर घ्यावा. औषध राखण्याचे काम तेथून सुरू होते.